खाकी वर्दीची पारख

(जुन्या लष्करी गणवेशांचा संग्रह करणारे लोक जगभर आहेत. अशा गणवेशांत खरे कोणते आणि बनावट कोणते, हे ते कसे ओळखतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'खाकी' हा शब्द तुम्हांला मुद्दाम शिकवावा लागणार नाही. खाक म्हणजे धूळ, माती. आणि मातीच्या रंगाचे ते खाकी. हा शब्द फारसीतून उर्दूत आला, मराठीत आला आणि इंग्रजीतही जाऊन बसला. १८४६ मध्ये पेशावर येथे 'गाइड्स' नावाची पलटण उभी राहिली. दुरून नजरेत भरणाऱ्या भडक कपड्यांऐवजी या पलटणीने धुळीत मिसळून जाणारा रंग घेतला. पुढे साऱ्या ब्रिटिश फौजेने तो उचलला. 'वर्दी' हा शब्दही तुमच्या ओळखीचाच आहे. मराठीत मात्र त्याचे दोन अर्थ होतात. वर्दी म्हणजे गणवेश आणि वर्दी म्हणजे खबर. 'त्याने पोलिसांना वर्दी दिली' असे वाक्य वाचलेत, तर त्याने पोलिसांना कपडे वाटले असे समजू नका!

कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी नाणी जमवतो. तसे काही लोक जुन्या वर्द्या, बिल्ले, पट्टे, टोप्या आणि पदके जमवतात. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलात, तर पितळी दिवे आणि मोडक्या घड्याळांच्या ढिगात एखादा लष्करी बिल्ला दिसतो. अशा वस्तूंना परदेशांत मोठी किंमत येते. जिथे किंमत आली, तिथे बनावट मालही आला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वर्द्यांच्या तर फार मोठ्या प्रमाणावर नकला झाल्या आहेत.

नक्कल करणे हा काही गुन्हा नव्हे. चित्रपटासाठी आणि नाटकासाठी जुन्या पद्धतीच्या वर्द्या शिवाव्याच लागतात. 'ही नक्कल आहे' असे सांगून ती विकली, तर त्यात वावगे काही नाही. नक्कल 'अस्सल' म्हणून विकली, की ती बनावट ठरते. आणि याहूनही वाईट असा एक प्रकार आहे. त्यात कोट खराच असतो, पण त्याच्यावर दुसऱ्याच पलटणीचा बिल्ला शिवून आणि दुसऱ्याच माणसाची गोष्ट जोडून तो विकला जातो. पहिल्या प्रकारात फक्त गिऱ्हाइकाचे पैसे जातात. या प्रकारात एका शिपायाची खूण कायमची पुसली जाते. ज्याने तो कोट खरोखर अंगावर घातला होता, त्याचा माग पुन्हा लागत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक विक्रेता तुमच्यासमोर लोकरीचा, कमरेपर्यंत येणारा, आखूड खाकी कोट ठेवतो. अशा कोटाला 'बॅटलड्रेस' म्हणत. विक्रेता सांगतो, "हा १९४४ सालचा आहे. इटलीत लढलेल्या मराठा पलटणीच्या शिपायाचा आहे." गोष्ट अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजा इटलीत लढल्या. रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोष्ट शक्य आहे म्हणून ती खरी आहे, असे मात्र होत नाही. अनुभवी संग्राहक अशा वेळी विक्रेत्याकडे पाहत नाही. तो कोट उलटा करतो.

कोट उलटा का करायचा? बाहेरची बाजू सगळ्यांना दिसते, म्हणून लबाड माणूस आपली सारी मेहनत तिथे खर्च करतो. आतली शिवण, अस्तर आणि खिशाचा तळ यांकडे त्याचे लक्ष कमी असते. तुमच्यापैकी जे मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीचे आहेत, त्यांना कापड पाहायला शिकवायची गरज नाही. ताणा-बाणा त्यांनी लहानपणापासून पाहिला आहे. हाताला कापड कसे लागते, वीण घट्ट आहे की सैल, तिरप्या रेघा एकसारख्या आहेत की नाहीत, हे त्यांना बोटांनीच कळते. युद्धकाळातील लोकरी कापड जाड आणि अंगाला टोचणारे असे. आजच्या नकलेचे कापड पुष्कळदा मऊ आणि हलके असते. कारण आजचे गिऱ्हाईक टोचणारे कापड घालायला तयार नसते.

कापडानंतर दोरा पाहायचा. पॉलिएस्टर या कृत्रिम धाग्याचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला, पण त्याचे कापड आणि दोरे बाजारात आले ते १९५० नंतरच्या काळात. म्हणून १९४४ च्या कोटाची मूळ शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असूच शकत नाही. हे कसे ओळखायचे? शिवणीच्या आत सुटलेला एखादा तंतू जाळून पाहतात. सुती तंतू कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. लोकर जळताना केस जळल्यासारखी घाण येते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा मोठ्या माणसांसमोरच करावी, आणि कोटाला आगीजवळ कधीही नेऊ नये. एक तंतू पुरतो.

दुसरी एक परीक्षा दिव्याची आहे. दुकानदार नोटा तपासण्यासाठी जांभळट प्रकाशाचा एक छोटा दिवा वापरतात. त्यातून अतिनील किरण निघतात. हा दिवा अंधारात तुमच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरा. (डोळ्यांवर मात्र धरू नका.) सदरा निळसर पांढरा चमकेल. याचे कारण असे, की आजच्या कापडात आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायने असतात. त्यांचा वापर महायुद्धानंतर सर्वत्र पसरला. जुन्या कोटाचा दोरा किंवा आतले पांढरे लेबल असे चमकले, तर संशय घ्यावा.

संशय घ्यावा, असे मी म्हणालो. निकाल द्यावा, असे म्हणालो नाही. कारण एखाद्या घरात आजोबांचा अस्सल कोट १९८० मध्ये कुणी पावडरीने धुतला असेल, तर तोही चमकेल. उलट, आजचा खाकी दोरा मुळीच चमकणार नाही, असेही होऊ शकते. नवशिके संग्राहक या दिव्यावर जरा जास्तच विश्वास ठेवतात. दिवा एक प्रश्न विचारतो. उत्तर दुसरीकडे शोधावे लागते.

आता लेबल. ब्रिटिश बॅटलड्रेसच्या आत एक पांढरे सुती लेबल शिवलेले असे. त्यावर कोटाचा नमुना, माप, शिवणाऱ्या कंपनीचे नाव आणि साल छापलेले असे. जवळच कावळ्याच्या पायासारखी दिसणारी, तीन रेघांची बाणाची खूण असे. ही सरकारी मालकीची खूण होय. दुसऱ्या महायुद्धात भारतात तयार झालेल्या सामानावर बाणाबरोबर 'आय' हे इंग्रजी अक्षर येई, तर कॅनडाच्या सामानावर बाण 'सी' या अक्षराच्या पोटात असे. सरकारने एखादी वस्तू मोडीत काढून विकली, तर टोकाला टोक भिडलेले दोन बाण उमटवत. हा बाण अजून मेलेला नाही. आपल्या लष्कराच्या गाड्यांच्या क्रमांकाच्या पाटीवर तो आजही दिसतो. म्हणून 'बाण आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळातील वस्तू आहे' असा हिशेब करू नये.

लेबल कापून टाकलेले असेल तर? पुष्कळदा ते आपोआपही निघून जाते, पण कधीकधी मुद्दाम काढलेले असते. त्याचे कारण कोटाच्या गळ्यात सापडते. १९३७ च्या नमुन्यात पुढची बटणे पट्टीखाली लपलेली असत आणि खिशांना चुण्या असत. युद्धात कापड आणि वेळ वाचवणे भाग पडले, तेव्हा चुण्या गेल्या आणि बटणे उघडी पडली. या दोन्ही नमुन्यांत शिपायाच्या कोटाचा गळा वरपर्यंत बंद होई. १९४९ च्या नमुन्यात मात्र गळा उघडा आला. आत शर्ट आणि टाय दिसेल असा. तेव्हा विक्रेता १९४४ म्हणत असेल आणि कोटाचा गळा मुळातच उघडा शिवलेला असेल, तर लेबल का कापले, हे तुम्हीच सांगू शकाल. युद्धानंतर बेल्जियम, हॉलंड, ग्रीस अशा देशांच्या सैन्यांनीही असेच कोट वापरले. ते स्वस्तात मिळतात आणि मग त्यांचे 'महायुद्धातील कोट' होतात.

बटणांच्या बाबतीत एक गैरसमज फार आहे. प्लास्टिक म्हणजे नवे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. युद्धात धातू वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये बटणेच काय, टोपीवरचे बिल्लेसुद्धा प्लास्टिकचे बनवले गेले.

बिल्ल्यांवर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. कारण इथे इतिहासाचे पुस्तक आणि कोट समोरासमोर येतात.

इंग्रजी अमलातील अनेक बिल्ल्यांवर मुकुट असे. १९०१ पासून राजांच्या काळात वापरलेल्या मुकुटाचा माथा घुमटासारखा गोल होता. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि त्यानंतर मधोमध खाली दबलेला, दोन खांद्यांचा मुकुट आला. २०२२ मध्ये चार्ल्स राजा झाला आणि पुन्हा गोल माथ्याचा मुकुट निवडला गेला. आता भारताचा विचार करा. २६ जानेवारी १९५० रोजी आपला देश प्रजासत्ताक झाला आणि सैन्याच्या चिन्हांतून मुकुट गेला. त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी गादीवर आली ती त्याच्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे भारतीय सैन्याच्या पलटणीचा बिल्ला आणि त्यावर राणीचा दबका मुकुट, ही जोडी इतिहासात कधी झालीच नाही. असा बिल्ला कुणी दाखवला, तर तो ज्याने ओतला त्याला भूगोल माहीत असेल, इतिहास माहीत नव्हता.

पलटणींची नावेही अशीच बोलतात. पहिल्या महायुद्धात १०३ वी, ११० वी, ११७ वी अशा वेगवेगळ्या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतील काहींमध्ये दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. १९२२ मध्ये अशा जुन्या पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट केली गेली. म्हणून १९१६ च्या कोटावर 'पाचवी मराठा' असा बिल्ला दिसला, तर तो नंतर कुणीतरी लावला आहे. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली; तिचा बिल्ला १९१४ च्या टोपीवर असणार नाही. इंग्रजांच्या काळात 'मराठा' या शब्दाचे स्पेलिंगही वेगळे होते. त्यात 'एच' हे अक्षर 'आर'च्या आधी येई आणि शेवटी दोन 'टी' असत. आजचे स्पेलिंग असलेला खांद्यावरचा बिल्ला १९४४ च्या कोटावर शिवलेला दिसला, तर हात आखडता घ्यावा.

बिल्ला स्वतः खरा असला, तरी तो याच कोटाचा आहे का, हे पाहावे लागते. जो बिल्ला वर्षानुवर्षे एका जागी असतो, त्याच्याखालचे कापड उन्हाने विटत नाही. बिल्ल्याची कड हळूच उचलली, तर खाली गडद रंगाचा ठसा दिसतो, अगदी भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर दिसतो तसा. ठसा बिल्ल्याच्याच आकाराचा असेल, तर जोडी जुनी. ठसा गोल आणि बिल्ला चौकोनी असेल, तर आधी तिथे दुसरा कुणीतरी होता. सुईची जुनी, मोकळी छिद्रेही हीच साक्ष देतात.

झीज पाहताना कोट कसा वापरला गेला असेल, याची कल्पना करावी. माणूस टेबलावर कोपर टेकतो, खिशात हात घालतो, कॉलर घामाने भिजते. म्हणून कोपर, खिशाची कड, कॉलरची आतली बाजू आणि बाह्यांची टोके आधी झिजतात. पाठीच्या मधोमध झीज आणि कॉलर मात्र कोरी, असा कोट कुणी घातलेला नसतो. तो कुणीतरी दगडावर घासलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून कापड 'जुने' करणारेही आहेत. पण चहाचा रंग शिवणीच्या दुमडीत आतपर्यंत सारखाच चढतो, आणि काळाने आलेला पिवळेपणा तिथे पोचत नाही. कसर लागल्याची भोकेही पाहावीत. कसर लोकर खाते. शुद्ध सुती कापडावर 'कसरीची भोके' दिसली, तर ती किडीने नव्हे, कुणीतरी टोच्याने केलेली असण्याचा संभव आहे.

हे सारे फक्त कपड्यांपुरतेच आहे असे समजू नका. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतील 'स्टर्न' या साप्ताहिकाने हिटलरच्या खासगी रोजनिश्या सापडल्याचे जाहीर केले. त्यांसाठी साप्ताहिकाने ९० लाखांहून अधिक मार्क मोजले होते. हस्ताक्षर तपासणाऱ्यांनी ते हिटलरचेच ठरवले. ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानेही सुरुवातीला त्यांवर विश्वास ठेवला. दोन आठवड्यांच्या आत सरकारी तपासणीचा निकाल आला. कागदात महायुद्धानंतर वापरात आलेले चमक आणणारे रसायन होते आणि बांधणीत कृत्रिम धागा होता. म्हणजे दिवा आणि दोरा, याच दोन परीक्षा!

रोजनिश्या लिहिणाऱ्याचे नाव कोनराड कुयाव. तो स्टुटगार्ट शहरात लष्करी वस्तूंचाच व्यापार करत असे. पहिल्या महायुद्धातील एखादे खरे, गंजलेले शिरस्त्राण घ्यायचे आणि 'हे हिटलरच्या डोक्यावर होते' अशी खोटी चिठ्ठी त्याला जोडायची, ही त्याची जुनी रीत होती. वस्तू खरी, चिठ्ठी खोटी. आणि हस्ताक्षरतज्ज्ञ कसे फसले? तुलनेसाठी त्यांना जे नमुने दिले गेले, त्यांतील काही कुयावनेच लिहिलेले होते. खोट्याशी खोटे ताडून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले! १९८५ मध्ये कुयावला आणि त्याच्याकडून रोजनिश्या आणणाऱ्या वार्ताहराला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

म्हणून जाणते संग्राहक सांगतात, की खऱ्या वस्तू आधी पुष्कळ पाहाव्यात. बाजारातील एका कोटाची तुलना बाजारातीलच दुसऱ्या कोटाशी करून काही कळत नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी किंवा सैनिकांच्या घरी वस्तूंचा इतिहास ठाऊक असतो. तिथे डोळा तयार होतो.

पदकांबाबत आपल्याकडे एक सोय आहे. दुसऱ्या महायुद्धातील 'स्टार' पदके ब्रिटिश सैनिकांना कोरीच मिळाली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक, नाव आणि पलटण उमटवून दिलेली असे. त्या नावावरून माणूस शोधता येतो. तो युद्धात मरण पावला असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत त्याचे नाव सापडू शकते. पदकाची कड घासून जुने नाव पुसलेले असेल, तर बोटाला तिथे किंचित खोलगट लागते.

महाराष्ट्रात अनेक गावांतून पिढ्यान्पिढ्या लोक फौजेत गेले. सातारा जिल्ह्यातील एका गावाचे नावच 'अपशिंगे मिलिटरी' असे पडले आहे. अशा गावांतील आणि शहरांतीलही पत्र्याच्या पेट्यांत अजून जुन्या वर्द्या आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या घरी अशी वर्दी असेल, तर सणाच्या सफाईत ती धुऊ नका. कॉलरखाली किंवा अस्तरावर शाईने लिहिलेला शिपायाचा क्रमांक एका धुण्यात जाऊ शकतो. पितळी बटणे लिंबाने किंवा चिंचेने घासू नका. फाटलेले शिवू नका. वर्दी सावलीत, कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवा. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा : ही कुणाची, तो कोणत्या पलटणीत होता, कुठे गेला होता? ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, कागदावर लिहा आणि तो कागद पेटीत वर्दीबरोबर ठेवा. त्यांना आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असेच लिहा. आपल्या मनाने पलटणीचे नाव भरू नका.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. अशा वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आणि जुनी असो की नवी, आपण सैनिक आहोत असे भासवण्यासाठी सैनिकाची वर्दी घालणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. पेटीतील कोट अंगावर चढवून आरशात पाहण्याचा मोह होईल. पण ऐंशी वर्षांची शिवण तुमचे खांदे सहन करीलच, याचा भरवसा नाही.

शब्दार्थ
पारख – परीक्षा करून ओळखणे. अस्सल – मूळचे, खरे. बनावट – फसवण्यासाठी केलेले. वावगे – अयोग्य. कसर – लोकरी कपडे खाणारी कीड. विटणे – रंग उडणे. हात आखडता घेणे – पैसे देताना किंवा काही करताना मागे सरणे. धारातीर्थी पडणे – लढाईत मरण येणे.

स्वाध्याय
१. संग्राहक कोट उलटा करून का पाहतो?
२. दिव्याखाली चमकणारा कोट बनावटच असेल, असे का म्हणता येत नाही?
३. भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर राणीचा मुकुट का असू शकत नाही, ते सनावळी देऊन स्पष्ट करा.
४. 'वर्दी' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.
५. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे आठ शब्द शोधा. त्यांतील कोणत्या शब्दांचा मराठीतील अर्थ थोडा वेगळा आहे, ते सांगा.
६. घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत लिहा.